'सनशाइन': सूर्य असा विझेल का, आणि सिनेमा शेवटी का घसरतो?

अंतराळावरचे जेवढे सिनेमे मी पाहिलेत त्यात २००७ सालचा 'सनशाइन' मला सगळ्यात देखणा वाटतो. दिग्दर्शक डॅनी बॉयल, लेखन अ‍ॅलेक्स गार्लंड यांचं. गोष्ट २०५७ सालची आहे. सूर्य मंदावत चाललाय, पृथ्वी गोठते आहे, आणि आठ माणसं 'इकॅरस दोन' या यानातून एक अवाढव्य बॉम्ब घेऊन सूर्याकडे निघाली आहेत. बॉम्ब सूर्यात टाकायचा आणि सूर्य पुन्हा पेटवायचा. सात वर्षांपूर्वी असंच एक यान गेलं होतं, त्याचं पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही. पहिला तासभर हा सिनेमा आपल्याला अक्षरशः उन्हात न्हाऊ घालतो. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र त्याची वाट सुटते.

बेळगावात आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही अधूनमधून सिनेमा दाखवतो आणि नंतर त्यावर बोलतो. यावेळी कॉलेजची मुलं बरीच होती, काही येळ्ळूर आणि खानापूरकडून आलेली, शिवाय दोन-चार निवृत्त मंडळी. सिनेमा संपल्या संपल्या एका मुलानं विचारलं, "असं होतंय काय हो सर? सूर्य असा मधीच विझतोय काय?" त्याच्या शेजारच्यानं लगेच जोडलं, "आणि इतका चांगला चाललेला सिनेमा शेवटी भुताचा कशाला केला?" हे दोन प्रश्न मला एकाच धाग्याचे वाटतात, म्हणून दोन्हींवर सविस्तर लिहितो आहे. शेवटापर्यंतची सगळी गोष्ट यात येईल. ज्यांना आधी सिनेमा पाहायचा असेल त्यांनी तो पाहून मग वाचावं.

आधी सूर्याचं बघू. सूर्य जळतो असं आपण म्हणतो, पण तिथे लाकूड किंवा कोळसा जळतो तसं काही जळत नाही. एवढा मोठा कोळशाचा गोळा असता तर काही हजार वर्षांतच त्याची राख झाली असती. मग तो चालतो कशावर? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आपल्या अगदी जवळ झाली आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या भागावरून पुढे गुंटूर, मछलीपट्टणकडे गेली. अथणीहून कृष्णा ओलांडली की जमखंडी लागतं. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे, तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल हे दुर्बीण आणि वर्णपटमापक लावून बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. ऑगस्टचं आभाळ, त्यामुळे ढग होतेच. तरी सूर्य झाकला गेल्यावर त्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाला दिसतात त्यांचा प्रकाश त्यांनी पकडला. तो प्रकाश वर्णपटमापकातून गेल्यावर सलग इंद्रधनुष्य दिसलं नाही, सुट्या चकचकीत रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. सुट्या रेषा म्हणजे तापलेला विरळ वायू. त्याच दिवशी गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन यांनीही हेच पाहिलं. त्यातली पिवळी-नारिंगी रेषा सुरुवातीला सोडियमची वाटली. पण ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून नॉर्मन लॉकियर यांनी ती नीट मोजली, तेव्हा ती सोडियमच्या जागी बसेना. पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. ते मूलद्रव्य होतं हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडावं लागलं.

हेलियम सूर्यात इतका का, याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेलं समीकरण वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे आणि वरच्या सगळ्या थरांचं वजन त्याच्यावर आहे. त्या दाबात चार हायड्रोजनच्या केंद्रकांपासून एक हेलियमचं केंद्रक तयार होतं. चारांचं मिळून जेवढं वजन असतं त्यापेक्षा हेलियमचं किंचित कमी भरतं, आणि तो किंचितसा फरक ऊर्जा होऊन बाहेर पडतो. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं, त्यात ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा बनून जातं. म्हणजे जमखंडीत दिसलेली ती नारिंगी रेषा ज्या वायूची होती, तोच सूर्याच्या चुलीत सतत तयार होणारा माल आहे.

हे आकडे ऐकून गाभ्यात सतत स्फोट होत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात तिथलं काम आश्चर्य वाटावं इतकं संथ चालतं. एका प्रोटॉनला, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाला, जोडीदार मिळायला सरासरी काही अब्ज वर्षं लागतात. गाभ्याच्या मध्यातली एक घनमीटर जागा घेतली तर तिथून जेमतेम पावणेतीनशे वॅट ऊर्जा निघते. शेताच्या कडेला कुजत पडलेला उकिरडा जेवढा आतून तापतो, साधारण तेवढीच. आपल्या शरीरातून, त्याच मापानं मोजलं तर, यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता निघते. सूर्य प्रचंड वाटतो तो त्याच्या आकारामुळे: व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, वस्तुमान पृथ्वीच्या सव्वातीन लाख पटींहून जास्त.

हा संथपणाच त्याचं रक्षण करतो. गाभ्यातली क्रिया समजा थोडी मंदावली. मग बाहेर ढकलणारा दाब कमी होतो, वरचं वजन गाभ्याला आणखी दाबतं, दाबला की तो तापतो, आणि तापला की क्रिया पुन्हा वाढते. क्रिया जास्त झाली तर गाभा फुगतो, फुगला की थंड होतो, क्रिया कमी होते. सूर्य स्वतःला असा सांभाळत सुमारे ४६० कोटी वर्षं चालला आहे आणि आणखी साधारण ५०० कोटी वर्षं चालेल. त्यातूनही कुणी गाभ्यातली क्रिया एका झटक्यात बंद पाडली असं धरलं, तरी आपल्याला उद्या काही कळणार नाही. आत साठलेली उष्णता आणि हळूहळू आकसण्यातून मिळणारी ऊर्जा यांवर सूर्य काही कोटी वर्षं चमकत राहील. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन यांना सूर्य याच आकसण्यावर चालतो असं वाटायचं, इतका तो साठा मोठा आहे. तेव्हा त्या मुलाला मी सांगितलं, २०५७ मध्ये तर नाहीच, पण असा मंदावत जाऊन कधीच नाही. खरा धोका उलट्या बाजूचा आहे. सूर्य दर १०० कोटी वर्षांमागे साधारण दहा टक्क्यांनी जास्त तेजस्वी होत चालला आहे, त्यामुळे अतिदूरच्या भविष्यात पृथ्वी तापेल.

मग सिनेमात सूर्य मंदावतो कशानं? पडद्यावर याचं कारण कुणी सांगत नाही, आणि ते मला योग्य वाटतं, कारण यानातली माणसं तो विषय लहानपणापासून ऐकत आलेली असणार. पण सिनेमाचे विज्ञान सल्लागार होते मँचेस्टर विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स, आणि त्यांनी मागे एक कारण रचून ठेवलं होतं. 'क्यू-बॉल' नावाचा, विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला एक काल्पनिक गोळा सूर्यात अडकला आहे आणि आतून साधं द्रव्य खात सुटला आहे. असे गोळे कागदावरच्या गणितात आहेत, प्रत्यक्षात कुणाला सापडलेले नाहीत. शिवाय सूर्य इतका विरळ आहे की असा गोळा त्यात अडकणारच नाही, आरपार जाईल. हे कॉक्स यांनाही ठाऊक होतं.

बॉम्बचा हिशेब त्याहून अवघड आहे. सिनेमात त्याचं वस्तुमान मॅनहॅटन बेटाएवढं आहे असं सांगितलंय. माणसानं आजवर उडवलेला सगळ्यात मोठा बॉम्ब सोव्हिएत संघाचा, १९६१ चा, सुमारे ५० मेगाटनांचा. सूर्य दर सेकंदाला तसल्या सुमारे १८० कोटी बॉम्बांइतकी ऊर्जा बाहेर टाकतो. त्यापुढे बेटाएवढा बॉम्ब म्हणजे काहीच नाही. अशा कथेत एवढी मोकळीक द्यावी लागते, ती मी आनंदानं देतो.

सूर्य मंदावला तर आपल्याकडे काय होईल हे मात्र सिनेमा दाखवत नाही. तो बर्फ दाखवतो. कणकुंबी, जांबोटीकडच्या माणसाला पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन न दिसण्याची सवय असते, पण तो पाऊससुद्धा सूर्यानंच अरबी समुद्रातून उचललेला असतो. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून वारे इकडे वळतात. ऊन कमी झालं की ही ओढच कमी होईल. आपल्या गावांत बर्फ पडायच्या कितीतरी आधी मलप्रभा आटेल, ऊस जाईल. खानापूरच्या मुलांना हे लगेच पटलं.

आता सिनेमाच्या डोळ्यांकडे येतो, कारण त्याची खरी ताकद तिथे आहे. यानाच्या आत सगळं करडं, निळसर, हिरवट. पिवळा किंवा नारिंगी रंग जवळजवळ येऊच दिलेला नाही. त्यामुळे बाहेरचा सूर्य पडद्यावर आला की आपले डोळे त्या सोनेरी रंगासाठी भुकेलेले असतात. जॉन मर्फी आणि 'अंडरवर्ल्ड' हा बँड यांचं संगीत त्याच क्षणी वर चढतं. हॉलमध्ये त्या जागी एकही खुर्ची वाजली नाही.

यानात एक निरीक्षण-कक्ष आहे. डॉक्टर सर्ल तिथे बसून गाळलेल्या प्रकाशात सूर्याकडे पाहत राहतो. तो आणखी प्रकाश मागतो तेव्हा संगणक सांगतो की चार टक्क्यांनी डोळ्यांचा पडदा कायमचा जाईल, पण ३.१ टक्के तीस सेकंदांपर्यंत चालेल. यान तेव्हा जवळपास बुधाच्या कक्षेइतक्या अंतरावर आहे. तिथे ऊन पृथ्वीवरच्या पावणेसात पट प्रखर असतं. त्याचे ३.१ टक्के म्हणजे आपल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा. सिनेमातला सूर्य मंदावलेला आहे हे धरलं तरी तो उघड्या डोळ्यांनी पाहण्याजोगा नाही. ग्रहणाचे चष्मे सूर्यप्रकाशाचा साधारण लाखावा भाग आत सोडतात, यावरून कल्पना करा. शिवाय डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळतच नाही. तो भाजत असताना माणूस सुखानं पाहत राहू शकतो. सर्लचं नेमकं तसंच होतं: कातडी सोलवटत जाते, तरी तो त्या कक्षात जायचं थांबत नाही. विज्ञान आणि माणसाचं मन सिनेमात इतकं घट्ट दुसरीकडे कुठेच जुळलेलं नाही.

इथे एका आजोबांनी १६ फेब्रुवारी १९८० ची आठवण सांगितली. चंद्राची गडद सावली त्या दिवशी अंकोला, गदग, रायचूर अशी गेली. बेळगाव थोडक्यात बाहेर राहिलं, इथे खंडग्रासच होतं. रस्ते ओस, घरांची दारं बंद, आणि दुपारच्या उन्हाचा रंग उतरलेला. थोडासा जरी सूर्य उघडा असेल तरी डोळ्याला तो तितकाच घातक असतो, हे त्यांनी मुलांना माझ्याआधी बजावलं. २ ऑगस्ट २०२७ च्या दुपारनंतर भारतातून खंडग्रास ग्रहण दिसायचं आहे, पावसाळी ढगांनी वाट दिली तर. तेव्हा हे ध्यानात असू द्या.

यानापुढची सोन्याची भव्य ढाल हा सिनेमातला दुसरा अविस्मरणीय देखावा. सोनं अवरक्त किरण, म्हणजे उष्णता, फार चांगली परतवतं. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेवर म्हणूनच सोन्याचा पातळ मुलामा असतो. पण दृश्य प्रकाशातला निळा भाग सोनं शोषून घेतं, त्यामुळेच ते पिवळं दिसतं. सूर्याच्या फार जवळ जाताना पांढरा रंग अधिक कामाचा. २०१८ मध्ये निघालेल्या 'पार्कर सोलर प्रोब'ची ढाल कार्बनच्या फेसाची, साडेअकरा सेंटीमीटरांच्या आसपास जाडीची, आणि पुढून पांढऱ्या लेपाची आहे. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर गेलं. ढालीची पुढची बाजू सुमारे १,३७० अंश सोसू शकते आणि मागे उपकरणं साधारण तिशीच्या तापमानात राहतात. आपलं 'आदित्य-एल१' इतक्या जवळ जात नाही, ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर थांबून सूर्याकडे पाहतं. ६ जानेवारी २०२४ ला ते तिथे पोहोचलं. त्यावरचं एक मुख्य उपकरण बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेनं बनवलं, दुसरं पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेनं. आपल्या दारातून जाणाऱ्या पुणे-बंगळुरू रस्त्याची दोन्ही टोकं त्या यानात आहेत, याचा मुलांना फार आनंद झाला.

एक चूक जाता जाता सांगतो. यानाबाहेर निसटलेला एकजण क्षणात गोठतो आणि त्याचे तुकडे होतात. निर्वात जागेत उष्णता वाहून न्यायला हवाच नसते, ती फक्त किरणांतून जाते, त्यामुळे शरीर थंड व्हायला बराच वेळ लागतो. माणूस मरतो तो श्वासाअभावी.

आता शेवट. वाटेत पहिल्या यानाचा संकेत मिळतो. दोन बॉम्ब असले तर यशाची संधी वाढेल म्हणून भौतिकशास्त्रज्ञ कापा मार्ग बदलायचं ठरवतो. मार्ग नव्यानं आखताना यानाचा दिशादर्शक ट्रे ढालीचा कोन बदलायला विसरतो. एवढ्या एका विसरण्यातून पुढचं सगळं घडतं: ढालीचे पत्रे जळतात, ते दुरुस्त करताना कॅप्टन कानेडा उन्हात सापडतो, प्राणवायू देणारी बाग जळून जाते. इथवर कुणीच दुष्ट नाही. सूर्य त्याच्या नियमानं चालतो आहे आणि माणसं चुकता चुकता शहाणपणानं वागायची धडपड करताहेत. भीती वाटते ती या हिशेबाची. पाच माणसं उरली आहेत आणि प्राणवायू चौघांपुरता.

पुढे ट्रे मरतो, चौघं राहतात, आणि कापा संगणकाला विचारतो की आता पुरेल ना. संगणक म्हणतो की चौघांना पुरला असता, पण यानावर पाचजण आहेत. पाचवा निरीक्षण-कक्षात आहे. अंगावर काटा येतो. मात्र त्या दारामागून पहिल्या यानाचा कप्तान पिनबेकर निघतो, सगळं अंग भाजलेला, हातात धारदार शस्त्र, देवानं मानवजात संपवायला सांगितल्याचं बोलणारा. तिथून पाठलाग आणि रक्त. चित्र मुद्दाम पुसट, थरथरतं ठेवलंय, म्हणजे सूर्याकडे पाहून दिपलेल्या डोळ्यांना दिसेल तसं. कल्पना चांगली आहे, पण कोण कुठे आहे तेच कळत नाही.

पिनबेकर आकाशातून पडलेला नाही हे मान्य करायला हवं. सर्लचं सूर्यवेड हे त्याचंच आधीचं रूप आहे, आणि त्याचा जुना चित्रसंदेश आपण सुरुवातीला पाहिलेला असतो. प्रकाशानं माणसाची बुद्धी दिपते हा विचार सिनेमात मुळापासून आहे. पण त्याला शस्त्र दिल्याबरोबर प्रश्न बदलतो. आधी प्रश्न होता की चार जणांच्या हवेत पाच जण काय करतील. नंतर प्रश्न उरतो की कुणी दार वेळेत बंद करेल का. इतका वेळ ज्या सूर्याची ओढ आणि भीती आपल्या मनात भरवली, तो खिडकीबाहेर राहून जातो. त्या दुसऱ्या मुलाला मी हेच सांगितलं.

अगदी शेवटची दोन-तीन मिनिटं मला मनापासून आवडतात, जरी विज्ञानाचं त्यांच्याशी फारसं जमत नाही. कापानं बहिणीला कळवून ठेवलेलं असतं की सूर्याचा प्रकाश पोहोचायला आठ मिनिटं लागतात, तेव्हा आम्ही जमवलं की नाही हे तुला आठ मिनिटांत समजेल. आठ मिनिटं खरी आहेत, पण ती सूर्याच्या पृष्ठभागापासूनची. गाभ्यात तयार झालेली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत यायला हजारो, कदाचित लाखाहून अधिक वर्षं घेते, कारण घट्ट द्रव्यात प्रकाशकण पावलोपावली आपटत, दिशा बदलत येतो. गाभ्यातून लगेच बाहेर निसटतात ते फक्त न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण. तरीही बर्फात उभी असलेली ती बहीण, मागे सिडनीचं ऑपेरा हाऊस आणि हळूच वाढणारं ऊन पाहताना मला हे गणित मधे आणावंसं वाटत नाही. कापाची गोष्ट तिथे पूर्ण होते.

निघताना खानापूरच्या एका मुलीनं तिचा शेवट सांगितला. "पाचवा नकोच सर. ट्रेला जिवंत ठेवायचं. पाच माणसं, चौघांची हवा, आणि चूक त्याची. बाकीचे त्याला काही बोलत नाहीत आणि तो पण गप्प आहे. शेवटचा अर्धा तास तेवढंच दाखवायचं."